देगाची मोकळी जमीन कापू देऊ नका

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी, माडीवर मी भरतनाट्यम शिकवते. मुली जिथे बसून घुंगरू बांधतात, त्या भिंतीवर मला फ्रेंच चित्रकार एदगार देगाचं ‘नृत्यवर्ग’ हे चित्र हवं होतं. कॅनव्हासवर छापून आणलं, घरी उलगडलं आणि रडूच आलं. उजवीकडचा भाग गायब! छापणारे म्हणाले, “बेन, तिथे तर नुसती जमीन होती.”

त्या जमिनीसाठीच मला ते चित्र हवं होतं. वृद्ध गुरू ज्यूल पेरो लांब काठी टेकून उभे आहेत. डावीकडे पियानोवर बसलेली मुलगी पाठ खाजवते आहे, खाली कुत्रं आहे, धूळ बसवायला पाणी शिंपडायची झारी आहे. सगळी दाटी एकीकडे, आणि पुढे तिरक्या फळ्यांची मोकळी जागा. पाऊल तिथेच पडणार असतं. हे चित्र 1873 ते 1876 मधलं. त्यानंतर थोड्याच वर्षांत, 1880 साली, सयाजीराव महाराजांच्या लग्नात तंजावरच्या नर्तकी बडोद्याला आल्या. त्यांच्या तालमीचं असं चित्र कुणी काढलं असतं तर!

तर आधी माप. पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयातलं मूळ चित्र 85 सेंमी उंच, 75 रुंद आहे. ते 24 बाय 36 इंचांच्या तयार मापात भरायचं तर रुंदीतले जवळजवळ 18 सेंमी जातात. त्यापेक्षा रुंदी 24 इंच धरा आणि उंची 27.2 सांगा. कागदावर लिहून द्या: चारही कोपरे दिसले पाहिजेत.

हक्कांची काळजी नको. देगा 1917 साली वारला, आणि आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतो. फाइल मात्र मोठी हवी: इंचाला 150 पिक्सेल, म्हणजे या मापाला 3600 बाय 4080. लाकडी पट्ट्यांवरून मागे वळवायला चारही बाजूंना तीन-तीन इंच कापड जास्त ठेवायला सांगा. त्या कडेवर साधा रंग चालेल, चित्र वळवू नका. पूर्ण छापण्याआधी वीतभर नमुना काढून घ्या आणि दुकानाबाहेर, उजेडात बघा. झग्यांचा पांढरा निळसर दिसला तर रंग दुरुस्त करून घ्या.

देगाची रंगीत खडूतली चित्रं, उदाहरणार्थ ‘तारका’, मी कॅनव्हासवर छापणार नाही. खडूची भुकटी कापडाच्या विणीत हरवते. ती जाड मॅट कागदावर छापून काचेत घाला.

पावसाळ्यात ओल येणारी भिंत टाळा, आणि मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे हवा खेळेल. ओलं फडकं कधीच नको, मऊ कोरडा ब्रश पुरे. आणि उंची? दिवाणखान्यात उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर लावतात. मी दुसऱ्यांदा, पूर्ण छापून आणलेलं चित्र जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर लावलं, कारण माझ्या मुली ते खाली बसून बघतात.