रिलीज मेडिकल बोर्डाआधी हे करा, नाहीतर डिसॅबिलिटी पेन्शन हातची जाईल

सैन्यातून पेन्शनला येणाऱ्या भावांनो, लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे आजार किंवा दुखापतीमुळे खालच्या मेडिकल श्रेणीत असाल तर हे घरी आल्यावर नको, युनिटमध्ये असतानाच वाचा. रिलीज मेडिकल बोर्ड म्हणजे रिटायर होण्याआधीची डॉक्टरांची तपासणी, त्यात मुख्य दोन गोष्टी ठरतात, आजार नोकरीमुळे झाला किंवा वाढला का, आणि तो किती टक्के. टक्के 20 च्या खाली गेले किंवा शेरा 'नाना' पडला, म्हणजे ना ॲट्रिब्युटेबल ना ॲग्रॅव्हेटेड (नोकरीमुळे झालाही नाही, वाढलाही नाही), तर नुसती सर्व्हिस पेन्शन. डिसॅबिलिटी पेन्शन मिळाली तर 100 टक्के डिसॅबिलिटीला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के असा हिशोब आहे, 50 ला 15.

सगळा खेळ एएफएमएसएफ-16 या बोर्डाच्या फॉर्मवर आहे. त्यात तुमचं स्वतःचं स्टेटमेंट असतं, कुठं कुठं पोस्टिंग, कधीपासून कधीपर्यंत, पीस की फील्ड, आजार पहिल्यांदा कुठं झाला. क्लार्क म्हणतो सही करा साहेब, बाकी मी भरतो, आणि बरेच जण करून मोकळे होतात. असं करू नका. समजा एक हवालदार काश्मीरमध्ये आरआरला (राष्ट्रीय रायफल्स) राहिला, मग सियाचीन, आणि नंतर पुण्यात आल्यावर वार्षिक मेडिकलला बीपी सापडलं. फॉर्मवर नुसतं पुणे दिसलं की बोर्ड लिहितं, पीस स्टेशनला झाला, नोकरीचा संबंध नाही. म्हणून फील्ड आणि हाय अल्टिट्यूडची प्रत्येक पोस्टिंग तारखेसकट लिहा आणि तिथं डोकेदुखी, छातीत दुखणं, झोप न लागणं यासाठी एमआय रूमला (युनिटचा दवाखाना) गेला असाल तर ते कागद आत्ताच काढून ठेवा, नंतर युनिट हलतं आणि कागद मिळता मिळत नाहीत. सीओच्या (कमांडिंग ऑफिसर) स्टेटमेंटमध्ये ड्युटीच्या ताणाबद्दल काय लिहिलंय तेही विचारून घ्या, त्यात लाजायचं काही नाही.

दुखापत असेल तर आयएएफवाय-2006 इंज्युरी रिपोर्ट आणि गरज असेल तिथं कोर्ट ऑफ इन्क्वायरी (सैन्याची खात्यांतर्गत चौकशी) त्याच वेळी झालीच पाहिजे. सुट्टीवर जाता-येताना झालेला अपघात ड्युटीत धरतात, पण गावी असताना मोटरसायकलवरून पडलात तर नोकरीशी संबंध दाखवणं फार अवघड.

एकापेक्षा जास्त आजार असतील तर प्रत्येकाचे टक्के वेगळे बघा. गुडघा, कान, शुगर, जे काही असेल ते बोर्डाला सांगा, जवान माणसाला दुखणं सांगायला जड जातं पण तिथं सहन केल्याचे मार्क मिळत नाहीत. 15-19 टक्के लिहिलं असेल तर तो आकडा कमी लावलाय हा मुद्दा अपिलात धरून बसा.

नाना शेरा आला तर बोर्डाने कारण काय दिलंय ते वाचा. धरमवीर सिंह केसमध्ये 2013 ला सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीत झाला असं धरायचं, आणि बोर्डाने कारणं द्यायलाच पाहिजेत. 2014 च्या राम अवतार निकालाने ब्रॉड-बँडिंग, म्हणजे टक्के वरच्या टप्प्याला नेऊन धरणं, वेळेवर रिटायर झालेल्यांनाही लागू झालं, उदाहरणार्थ मान्य झालेले 30 टक्के 50 धरले जातात. पण 21 सप्टेंबर 2023 पासून नवे एंटायटलमेंट रूल्स (ही पेन्शन कुणाला मिळेल याचे नियम) आहेत, ते जास्त कडक आहेत, त्यामुळे जुन्या मित्राची केस बघून आपलं तसंच होईल असं समजू नका, तुमच्या रिटायरमेंटच्या तारखेला कोणते रूल्स आहेत ते आधी बघा.

रिजेक्शन लेटर आलं की सहा महिन्यांत पहिलं अपील, तेही फेटाळलं तर दुसरं, मग आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, आपल्याला मुंबई बेंच. बोर्डाच्या कागदांची कॉपी देत नसतील तर रेकॉर्ड ऑफिसकडे आरटीआय टाका. मुदत उलटली असेल तरी गप्प बसू नका, उशिराचं खरं कारण लिहून माफीचा अर्ज सोबत लावता येतो. अपिलाच्या कागदांत अडलात तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, आणि जे काही पाठवाल त्याची रजिस्टर एडीची पावती फाईलला लावून ठेवा.