कुष्ठरोगाच्या कामात नव्याने येताय? आधी टेकायला शिका

चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत मी कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून कामाला लागलो तेव्हा पुस्तकातलं सगळं पाठ होतं. पेशंटच्या ओट्यावर निवांत टेकणं मात्र जमत नव्हतं.

पहिल्याच वर्षी एका आजींकडे गेलो. चुलीपुढे बसून त्या कळण्याच्या भाकरी करत होत्या. भाकरी उलटताना दोन बोटं तव्याला टेकली आणि टेकलेलीच राहिली. चटका बसला की हात झटकन मागे येतो, तो आलाच नाही. करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलेलं, टोकांना जुने फोड. "भाऊ, काही दुखत नही," त्या सहज म्हणाल्या. चहा पुढे केला, तर मी "आत्ताच झाला" म्हणालो. खोटं होतं ते. मी घाबरलो होतो, आणि ते आजींना कळलं होतं.

त्याच दिवसांत फादर डेमियन यांच्याबद्दल वाचलं. हे बेल्जियमचे कॅथलिक मिशनरी. हवाईतलं सरकार कुष्ठरुग्णांना घरादारापासून तोडून मोलोकाई बेटावर नेऊन सोडत असे. तिथे ते मे १८७३ मध्ये, वयाच्या ३३व्या वर्षी राहायला गेले. जखमा धुतल्या, घरं बांधली, पाण्याचा नळ आणला, शवपेट्या स्वतः ठोकल्या, रुग्णांबरोबर एका भांड्यातलं जेवले. प्रवचनात ते "आम्ही कुष्ठरोगी" म्हणत, तेही स्वतःला आजार दिसण्याच्या कितीतरी आधीपासून. १८८४ च्या डिसेंबरात त्यांनी गरम पाण्यात पाय बुडवले. कातडीवर फोड आले, पण चटका जाणवला नाही. हे वाचलं आणि मला तो तवा आठवला. १५ एप्रिल १८८९ रोजी ते वारले. २००९ मध्ये चर्चने त्यांना संतपद दिलं.

ते बेटावर गेले त्याच वर्षी नॉर्वेत हॅन्सेन यांना या रोगाचे जंतू दिसले होते, पण औषध यायला पुढे कित्येक दशकं गेली. आपल्या पिशवीत एमडीटीची, म्हणजे एकत्र घ्यायच्या अनेक औषधांची पाकिटं आहेत, तीही फुकट. पीबीला, म्हणजे अंगात जंतू कमी असलेल्या प्रकाराला ६ महिने, एमबीला, म्हणजे जंतू जास्त असलेल्याला १२. बहुतेकांच्या अंगात या जंतूंशी लढायची ताकद मुळातच असते आणि औषध सुरू झालं की पेशंटपासून लागण पसरणं लवकरच थांबतं. त्यामुळे आपण चहा नाकारावा असं काहीच कारण उरत नाही.

आता तपासणीचं, म्हणजे चट्ट्यावर बधिरपणा आहे का ते पाहण्याचं. "इथे कळतं का?" असं कधी विचारू नका, भीतीपोटी माणूस "हो" म्हणतो. बॉलपेनचं टोक आधी डोळे उघडे ठेवून लावून दाखवा, मग डोळे मिटायला सांगून "कुठे लागलं, बोट ठेवा" म्हणा. कपड्याखालचे चट्टे हमखास सुटतात. माझा एक सुटला, पाठीवरचा. बाईमाणसाला आशाताईंनीच आडोशाला तपासावं. कोपराच्या आतल्या बाजूची नस दोन्हीकडे चाचपून पाहा, जाड लागते का, दाबल्यावर दुखते का.

औषध देताना एक गोष्ट आधीच सांगा: महिन्याच्या डोसानंतर लघवी लाल होते, ते रक्त नव्हे. पेशंटची कातडी काळवंडते, तीही नंतर हळूहळू निवळते. हे न सांगितल्यामुळे अर्ध्यावर सोडलेली पाकिटं मी पत्र्याच्या डब्यांत पाहिली आहेत. पायाला बधिरपणा असेल तर रोज पाय पाण्यात भिजवून तेल लावायला शिकवा आणि कापसाच्या वावरात अनवाणी जाऊ देऊ नका. पऱ्हाटीचं खुंट पायात घुसलं तरी त्यांना कळत नाही.

आजींचा कोर्स पूर्ण झाला. बोटं सरळ झाली नाहीत, आम्हीच उशिरा पोचलो होतो. आता तव्याशेजारी लांब दांड्याचं उलथणं असतं. मी गेलो की त्या आधी दोन्ही हात पुढे करून दाखवतात आणि मग चहा ठेवतात.