वजनाच्या ऑपरेशननंतर अंगात ताकदच नाही? मग या चुका टाळा

वजन कमी करायला पोटाचं बायपास (पोटाची छोटी पिशवी करून ती आतड्याला जोडतात) नायतर स्लीव्ह (पोटाचा मोठा भाग कापून काढतात) झालेल्या माणसाचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ताई, वजन तर उतरायलंय पण अंगात जीवच नाही." आणि दुसरं पण ठरलेलं, "ग्लुकोज पावडर घेऊ का?" माझं स्वतःचं बायपास झालेलं आहे. मी डॉक्टर नाही, पण लातूर-उदगीरपासून पार परभणीपर्यंत कुणाच्या ओळखीत कुणाचं ऑपरेशन झालं की माझा नंबर पुढं जातो, आणि त्याच त्या चुका इतक्यांदा ऐकल्यात की आता लिहूनच टाकते.

आधी एक सांगते, पहिले काही आठवडे थकवा येणारच. आधी पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, असं चढत जायचं असतं आणि तेवढ्यात पोटात जातं ते फार थोडं. हा थकवा हळूहळू जातो, त्याला घाबरू नका. पण दोन-तीन महिने झाले तरी जिना चढताना धाप लागत असेल, दुपारी अंग टाकून द्यावं वाटत असेल, तर बहुतेक वेळा खाण्यात नायतर गोळ्यांत गडबड असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ताकदीसाठी गोड. घरी बघायला येणारा प्रत्येक पाहुणा काहीतरी गोडच घेऊन येतो, डिंकाचे लाडू, ज्यूसचे डबे, ग्लुकोज, आणि उन्हाळ्यात रसवंतीवर नेऊन "घे गं, थंडावा मिळंल" म्हणून ग्लासभर उसाचा रस हातात देतात. प्यायलं की कुणाला दहा-वीस मिनिटांतच छातीत धडधड, पोटात कळ आणि जुलाब होतात. कुणाला आधी बरं वाटतं आणि मग एक ते तीन तासांनी दरदरून घाम, हात थरथर, डोळ्यापुढं अंधारी. ह्याला डंपिंग म्हणतात. उशिराच्या त्रासात होतं काय, की साखर पोटात थांबतच नाही, थेट आतड्यात उतरते, रक्तातली साखर एकदम वर जाते, शरीर घाबरून भरमसाठ इन्सुलिन सोडतं आणि मग साखर धाडकन खाली येते. माणसाला वाटतं अशक्तपणा आला, म्हणून तो परत गोड खातो आणि परत तेच. उदगीरकडची एक वहिनी दिवसभर अशीच थोडं थोडं ग्लुकोज पीत राहिली आणि वर म्हणायची मी तर खाते-पिते तरी ताकद का येईना. ग्लुकोज बंद केलं, सकाळी अंडं आणि दुपारी चार वाजता पनीर सुरू केलं, तेव्हा तिची थरथर थांबली. आता ग्लुकोमीटरवर खरंच 70 च्या खाली आकडा आला तर थोडी साखर घ्यावीच लागते, पण त्यानंतर लगेच काहीतरी प्रोटीनचं खा आणि डॉक्टरला कळवा. रोजच्या ताकदीसाठी मात्र गोड नकोच.

दुसरी गोष्ट जरा मन लावून वाचा, कारण ही मी जवळून बघितलीय. बीड जिल्ह्यातला एक दादा, बायपास होऊन तिसरा आठवडा, म्हणजे अजून पातळच चाललेलं. भावकीत कंदुरी, म्हणजे मटणाचं जेवण होतं. सगळे म्हणाले मटणाच्या दोन फोडी खाल्ल्यानं काय होतंय, आणि ह्यानं खाल्ल्या. अडकलं, उलटी झाली. तिथून पुढं रोज उलटी, पाणी पण राहीना. घरच्यांनी पित्त म्हणून पित्ताच्या गोळ्या दिल्या, मग अशक्तपणा फार आला म्हणून गावातच ताकदीचं म्हणून ग्लुकोजचं सलाइन लावलं, एकदा नाही, चांगलं तीन-चारदा. मग एक दिवस त्याच्या बायकोचा फोन, "ताई, ह्यांना एकाची दोन दिसायलेत, आन् चालताना झोकांड्या जायलेत, लई अशक्तपणा आलाय वाटतं." मी म्हणलं आता एक मिनिट घरी थांबू नका, जिथं ऑपरेशन झालं तिथं गाडी काढा. तिथं कळलं की व्हिटॅमिन बी-1, म्हणजे थायमिन, पार संपलेलं. शरीरात त्याचा साठा फक्त दोन-तीन आठवडे पुरेल एवढाच असतो, रोज उलट्या झाल्या की तो संपतो, आणि अशा माणसाला थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं पण वापरून टाकलं जातं आणि मेंदूवर परिणाम होतो. दुर्बिणीतून बघितल्यावर पोट आणि आतड्याचा जोड पण आवळलेला निघाला, म्हणजे उलट्या पित्ताच्या नव्हत्याच. शिरेतून थायमिन दिलं, जोड फुग्यानं रुंद केला. डोळे काही दिवसांत सुधारले, चाल सुधारायला मात्र कित्येक महिने गेले, शेतात बांधावरनं चालायचं तर बरेच दिवस पोराचा हात धरावा लागायचा. मला राग त्या दोन फोडींचा कमी आणि "सलाइन लावलं की तरतरी येते" ह्या समजुतीचा जास्त येतो. सलाइननं दोन तास बरं वाटतं आणि खरं कारण झाकून जातं. उलट्या दोन-तीन दिवसांवर गेल्या की सर्जनला फोन, आणि कुणी सलाइन लावणारच असेल तर आधी सांगा, "माझं बायपास झालंय, पहिलं थायमिन द्या." ही एक ओळ लिहून मी घरच्यांच्या मोबाईलमध्ये ठेवलीय.

आता प्रोटीन. दिवसाला कमीत कमी 60 ग्रॅम, बऱ्याच जणांना 80 पर्यंत सांगतात. आपल्याकडचं जेवण म्हणजे भाकरी आधी आणि कोरड्यास तिला लावायला. बायपासमध्ये पोट उरतं साधारण 30 मिलीचं, स्लीव्हमध्ये पण मूळच्या पोटाचा चौथा-पाचवा हिस्साच. त्यात अर्धी भाकरी गेली की जागा संपली. म्हणून मी ताटाचा क्रमच उलटा केलाय. आधी अंडं, पनीर, मासा नायतर घट्ट वरण, मग भाजी, आणि जागा राहिली तर चतकोर भाकरी, ती पण कुस्करून भिजवून. हिशोब साधा आहे, एका अंड्यात 6 ग्रॅम, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18 च्या आसपास, 25 ग्रॅम कोरड्या सोयाबीन वडीत 12-13, ग्लासभर दुधात 6-7. आमच्या लातूर भागात एवढं सोयाबीन पिकतं आणि आम्हीच सोयाबीन वडीला नाक मुरडतो! वडी गरम पाण्यात भिजवायची, दोन्ही तळव्यांत दाबून फेसाळ पाणी पिळून टाकायचं, असं दोनदा, मग मिक्सरला फिरवून खिम्यासारखी फोडणीला टाकायची, वास येत नाही आणि बिनदाताच्या माणसाला पण चावता येते. वरण मात्र घट्ट पाहिजे, पातळ वरणाचं वरचं पाणी पिऊन "मी डाळ खाते" म्हणणाऱ्या बायका मी रोज बघते. आणि प्रोटीन पावडरचं नाव काढलं की "ती जिमवाल्यांची" म्हणून नाक मुरडतात, अहो पहिल्या महिन्यांत 60 ग्रॅम गाठायला दुसरा मार्ग फार कमी जणांकडं असतो, फक्त साखर नसलेली घ्या आणि तुमच्या डायटिशियनला दाखवून घ्या.

उपवास. हे लिहिलं की बायका नाराज होतात, तरी लिहिते. नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा, भगर आणि चहा. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ शून्य, सगळा स्टार्च, त्यात तो चिकट. पहिलं वर्ष तरी उपवास सोडा, तुळजापूरला जाऊन आईला सांगा ह्या वर्षी जमणार नाही, ती समजून घेईल. त्यानंतर पण करायचाच तर दूध, दही, पनीर, थोडं राजगिऱ्याचं आणि प्रोटीन पावडर, तेही डायटिशियनला विचारून, आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत.

जेवताना पाणी नको, जेवल्यावर अर्धा तास थांबा. पण म्हणून दिवसभर कोरडं राहू नका, दीड लिटरच्या खाली जायचं नाही, आणि मे महिन्यात आपल्याकडं पारा 42-43 ला गेला की त्याहून जास्त लागतं. गटागटा जमणार नाही, घोट घोट. बऱ्याच जणांचा "थकवा" म्हणजे नुसती तहान असते, लघवी गडद पिवळी झाली की समजून जा. साखर नसलेलं पातळ ताक चालतं.

गोळ्यांचं सांगायचं तर लोखंडाची गोळी चहासोबत घेणं म्हणजे ती वाया घालवणं, चहातलं टॅनिन लोह शोषू देत नाही. आणि आपल्याकडं तर दर तासाला कुणीतरी चहा टाकतंच. लोखंड आणि कॅल्शियम एकत्र पण नको, मध्ये दोन तास सोडा. कॅल्शियम सायट्रेट घ्या, कार्बोनेटला पोटातलं ॲसिड लागतं आणि तेच आता कमी असतं, आणि एका वेळी 500-600 मिलीग्रॅमच्या वर घेऊन उपयोग नाही. माझी लोखंडाची गोळी रात्री झोपताना लिंबूपाण्यासोबत, कॅल्शियम जेवणाच्या वेळेला, बसलं डोक्यात.

"वर्ष झालं, काही त्रास नाही, म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्या बंद केल्या." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. बी-12 चा साठा लिव्हरमध्ये बराच काळ पुरतो म्हणून सोडल्या-सोडल्या काही जाणवत नाही, आणि मग दोन वर्षांनी पायाला मुंग्या, विसरायला होणं आणि भयंकर थकवा घेऊन माणूस येतो. माळकरी, म्हणजे मांस-मासे न खाणाऱ्या घरातल्यांनी तर जास्तच सांभाळा, आणि शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ती पण बी-12 कमी करते. गोळ्या जन्मभर आहेत, हे ऑपरेशनच्या आधीच मान्य करून टाका.

गुडघा दुखला म्हणून मेडिकलवरनं पेनकिलर आणू नका, बायपासच्या जोडावर अल्सर होतो, हळूहळू रक्त जातं आणि हिमोग्लोबिन उतरतं.

शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या ऑपरेशनच्या आधीच्याच डोसवर चालू ठेवल्या आणि वजन 20 किलो उतरलं तर चक्कर येणारच. स्वतःच्या मनानं बंद करू नका, डॉक्टरकडून कमी करून घ्या.

आणि नुसतं हिमोग्लोबिन बघून "रिपोर्ट नॉर्मल" म्हणू नका. आधी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा उतरतो, हिमोग्लोबिन नंतर. तीन महिने, सहा महिने, एक वर्ष आणि पुढं दरवर्षी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, बी-12, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) एवढं बघाच. लॅबवाल्याला तोंडी सांगितलं की दोन टेस्ट हमखास राहतात, म्हणून मी यादी कागदावर लिहून नेते, आणि मागच्या वर्षीचा रिपोर्ट पण सोबत ठेवते, कारण फेरिटिन 80 वरून 25 ला आलं तर छापील रेंजमध्ये ते अजून "नॉर्मल"च दिसतं.