सांगलीतल्या दुकानाची वेबसाईट करायला घेताय? मग आधी एवढं बघा

मागं मार्केट यार्डातल्या एका हळद-बेदाण्याच्या दुकानाच्या वेबसाईटचं काम माझ्याकडं होतं, म्हणजे डिझाईन-कोडिंग पोरं करणार आणि मी शेठ आणि पोरं यांच्या मधला माणूस. पहिल्याच मिटिंगला शेठ म्हणाले, धंदा हळदीचा आहे, साईट पिवळीजर्द पायजे. केली पिवळी, वर पांढरी अक्षरं. ऑफिसात लॅपटॉपवर झकास दिसली, आणि दुपारी यार्डात उन्हात मोबाईलवर उघडली तर भाव काय, फोन नंबर काय, काहीच वाचता येईना.

तर पहिली गोष्ट कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षराचा रंग आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक. वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून डब्ल्यूसीएजी नावाचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यात साध्या मजकुराला किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांना ३:१ कॉन्ट्रास्ट सांगितलाय. हळदीच्या पिवळ्यावर पांढरं टाकलं की तो दोनच्या आसपास घुटमळतो. त्याच पिवळ्यावर गडद तपकिरी अक्षरं घ्या, रंग पण राहतो आणि वाचता पण येतं. कॉन्ट्रास्ट चेकर फुकट मिळतात, दोन रंगांचे कोड टाकायचे की आकडा येतो. रंगावरून शेठशी वाद घालत बसू नका, फोन घेऊन त्यांना उन्हात उभं करा.

दुसरं म्हणजे येणारा माणूस कशाला येतोय ते डिझाईनच्या आधी कागदावर लिहा. आमच्याकडं दोन प्रकारचे लोक होते, परपेठेतला व्यापारी ज्याला राजापुरी हळकुंडाचा आजचा भाव आणि फोन नंबर पायजे, आणि घरचं गिऱ्हाईक ज्याला अर्धा किलो पावडर आणि पाव किलो बेदाणा कुरिअरनं पायजे. दोघांना एकाच पानावर कोंबलं तर दोघंही गोंधळतात. एका पानाचं एक मुख्य काम आणि त्याचं एकच ठळक बटण, बाकी सगळं त्याच्या खाली. दुकानाचा इतिहास, आजोबांचा फोटो जरूर टाका, पण भावाच्या वर नको.

डिझाईन मोबाईलच्या रुंदीत सुरू करा, ३६० पिक्सेल धरा, मग मोठ्या स्क्रीनकडं जा. एकच साईट स्क्रीनप्रमाणं मांडणी बदलते त्याला रिस्पॉन्सिव्ह म्हणतात, हे नाव इथन मार्कोट या वेब डिझायनरनं २०१० मध्ये दिलं. बटण ४४ ते ४८ पिक्सेलचं ठेवा, अंगठ्यानं दाबायचंय, सुईनं नाही.

आता मराठी अक्षरांचं, कारण इथंच सगळ्यात जास्त चुका बघितल्यात. इंग्रजीसाठी केलेली थीम, म्हणजे तयार डिझाईन, घेऊन त्यात मराठी ओतली की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना जाऊन भिडतात, म्हणून ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.६ ते १.७ पट ठेवा आणि अक्षर १६ पिक्सेलच्या खाली नको, १८ असलं तर उत्तमच. इंग्रजी हेडिंगला स्टाईल म्हणून अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडतात ते मराठीला अजिबात करू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट फुकट आहेत आणि स्वच्छ दिसतात. मजकूर युनिकोडमध्येच पायजे, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठी मराठीच दिसते. छापखान्यातून जुन्या फॉन्टमधली फाईल आली की ती साईटवर नुसती चिन्हं दिसतात, आणि पत्रकाचा फोटोच चिकटवला तर गिऱ्हाईकाला पत्ता कॉपी करता येत नाही, आंधळ्या माणसाला स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर, तो वाचू शकत नाही.

फोटो मोबाईलवरून काढलेले चार-पाच एमबीचे तसेच चढवू नका. वेबपी या हलक्या फोटो फॉरमॅटमध्ये करून शंभर-दीडशे केबीवर आणा. गूगलच्या हिशोबानं पानावरची मुख्य गोष्ट अडीच सेकंदात दिसायला हवी.

प्रोजेक्ट मॅनेजर असाल तर डिझाईन सुरू व्हायच्या आधी खरा मजकूर हातात घ्या, नावं, वजनं, भाव, फोटो, सगळं. आमचे तीन आठवडे नुसते याच्यातच गेले. आणि होय-नाही म्हणणारा माणूस एकच ठरवून घ्या. शेठ एक सांगतात, धाकटे भाऊ दुसरं, पुण्यातला मुलगा रात्री अकराला व्हॉइस नोट पाठवतो, असं झालं की पोरं वैतागतात आणि खरंच त्यांची चूक नसते. सगळ्या दुरुस्त्या एका शीटमध्ये, दोन फेऱ्या, संपलं.

लाईव्ह करायच्या आधी पाच जणांच्या हातात फोन द्या, दिवाणजी, एखादा हमाल, शेजारची काकू, आणि सांगा की एक किलो पावडर मागवून दाखवा. तुम्ही गप्प बसा, बोट कुठं अडतंय तेवढं लिहून घ्या. आमच्या काकू पिनकोडच्या रकान्यात अडकल्या, त्या मराठी आकडे टाकत होत्या आणि फॉर्म ते घेतच नव्हता, ते त्याच संध्याकाळी दुरुस्त केलं.

आणि डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, दुकानमालकाच्याच नावावर, त्यांच्याच ईमेलवर घ्या. पोरगा काम सोडून गेला की पासवर्ड पण त्याच्याबरोबर जातो, मग रिन्यूअलच्या तारखेला सगळं दुकान त्याचा फोन लागतोय का बघत बसतं.