मानवी हक्कांत मास्टर्स करायचंय? आधी एक जबाब लिहून बघा

‘मानवी हक्क’ अशी पाटी लावलेले अभ्यासक्रम सगळे एका मापाचे नसतात. भारतात एलएलएमला, म्हणजे कायद्यातल्या मास्टर्सला, कायद्याची पदवी लागतेच. मुंबई विद्यापीठाच्या एलएलएममध्ये मानवी हक्कांचा गट आहे. समाजकार्य, पत्रकारिता किंवा राज्यशास्त्राकडून येणाऱ्यांना ब्रिटनमध्ये एसेक्स आणि यॉर्क इथे एम.ए.ची वाट आहे. माहितीपत्रक चाळताना विषयांच्या भारदस्त नावांना भुलू नका. विद्यार्थी एखाद्या संस्थेसाठी खराखुरा अहवाल करतात का, एवढं शोधा. बहुतेक ठिकाणी त्याला ‘क्लिनिक’ म्हणतात. ते नसेल तर वर्षभर निबंधच लिहायचे आहेत, असं समजा.

ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. संस्था सोडतानाच तासांचा आकडा घातलेलं पत्र घ्या. दोन वर्षांनी मागायला गेलात तर तिथलं कुणी ओळखीचं उरलेलं नसतं.

खरी तयारी मात्र जबाब लिहिण्याची. समजा, मानखुर्दच्या एका वस्तीत पाडकाम झालंय आणि एक बाई सांगतेय, ‘पोलिसांनी त्याला उचललं आणि मारलं.’ नवखा विद्यार्थी इंग्रजीत लिहितो: अटक झाली, मारहाण झाली. दोन्ही शब्द त्याच्या पदरचे. ‘उचललं’ म्हणजे अटक, नुसतं ताब्यात घेणं की नोंदच न करता नेणं? कायद्यात तिन्ही वेगळी. आणि ‘मारलं’ म्हणजे मारहाण की जीव घेतला, हे मराठीत संदर्भावरूनच कळतं. म्हणून मूळ मराठी वाक्य जसंच्या तसं लिहा आणि त्याच्याखाली प्रश्न: किती वाजता, किती जण, अंगावर गणवेश होता का, कशानं, शरीरावर कुठे, तुम्ही पाहिलं की कुणी सांगितलं? पाहिलेलं आणि ऐकलेलं एकाच परिच्छेदात आलं, तर तो परिच्छेद उलटतपासणीत टिकत नाही.

संमती तीनदा विचारा: बोलायला, रेकॉर्ड करायला, नाव वापरायला. बोलायला ‘हो’ म्हणणारी बाई नावाला नाही म्हणू शकते. वहीत नावाऐवजी ‘म-१’, ‘म-२’ असे संकेत लिहा. कुठला संकेत कुणाचा, तो कागद वेगळ्या जागी ठेवा. फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की त्यातली तारीख-ठिकाणाची नोंद गळून जाते, म्हणून मूळ फाइल हलवू नका.

मुलाखत एकांतात का घ्यायची, हे पत्रकार शीला बर्से यांच्या खटल्यात (१९८३) दिसतं. मुंबईच्या कोठड्यांतल्या स्त्रियांना मारहाण होत असल्याची तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयानं निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालकांना मुंबई मध्यवर्ती तुरुंगात जायला सांगितलं, तेही मुलाखतीच्या वेळी दुसरं कुणी हजर नसेल अशा अटीवर.

आता तक्रार घेऊन कुठली दारं ठोठावता येतात, त्याचा हिशेब. संयुक्त राष्ट्रांच्या नागरी-राजकीय आणि आर्थिक-सामाजिक हक्कांच्या दोन्ही करारांत भारत १० एप्रिल १९७९ रोजी सामील झाला; पण वैयक्तिक तक्रारीची मुभा देणारा ऐच्छिक प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही. म्हणजे कुर्ल्याच्या माणसाची तक्रार नागरी-राजकीय करारावर देखरेख करणाऱ्या जिनिव्हाच्या मानवाधिकार समितीकडे जाऊच शकत नाही. छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही झाली, मंजुरी नाही. अर्जाच्या निबंधात ‘समितीकडे दाद मागेन’ असं लिहिलंत, तर गृहपाठ केला नाही हे पहिल्याच पानावर उघड होतं.

उघडी दारं वेगळी. राज्य मानवी हक्क आयोगाचं कार्यालय सीएसएमटीसमोरच आहे, मात्र तक्रार घटनेपासून वर्षाच्या आत हवी. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांना (एकेका विषयावर नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांना) लिहायला देशातले उपाय आधी संपवावे लागत नाहीत. शिवाय सार्वत्रिक नियतकालिक आढावा आहे, म्हणजे प्रत्येक देशाच्या मानवी हक्कांच्या स्थितीची संयुक्त राष्ट्रांत पाळीपाळीनं होणारी तपासणी. त्यात भारताची पाळी २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये आली. एका संस्थेच्या निवेदनाला २,८१५ शब्दांची मर्यादा असते, संयुक्त निवेदनाला ५,६३०.

पाडकामाचे जबाब त्या २,८१५ शब्दांत बसवून बघा. नोटीस मिळाली होती का, चर्चा झाली का, पर्यायी जागा दिली का: या तीन प्रश्नांभोवती मांडणी करा, कारण संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक-सामाजिक हक्क समितीची ७ क्रमांकाची सामान्य टिप्पणी (कराराचा अर्थ उलगडणारं टिपण, १९९७) सक्तीच्या निष्कासनाबद्दल, म्हणजे लोकांना जबरदस्तीनं घराबाहेर काढण्याबद्दल, हेच विचारते. पहिला खर्डा हमखास दुप्पट होतो. कापायची ती विशेषणं. तारखा आणि वेळा तशाच राहू द्या.