जुना जँगो प्रकल्प नव्या आवृत्तीवर कसा न्यावा

जँगो ही पायथन भाषेत संकेतस्थळे बांधण्याची चौकट. जँगो १.११ ही पायथन २ वर चालणारी तिची शेवटची आवृत्ती. या आवृत्तीचा आधार एप्रिल २०२० मध्ये संपला, त्यामुळे नंतर सापडलेल्या सुरक्षात्रुटींच्या दुरुस्त्या तिच्यासाठी निघत नाहीत. असा प्रकल्प ५.२ पर्यंत न्यायचा असेल, तर २.२, ३.२ आणि ४.२ या दीर्घकालीन आधाराच्या आवृत्त्यांवर एकेक मुक्काम करत जावे. जँगो एखादी सोय काढून टाकण्याआधी त्याबद्दलचे इशारे देत असतो. मधले टप्पे गाळले, तर इशारे न दिसता थेट बंद पडलेला कोड हाती येतो.

प्रथम डेटाबेसचा बॅकअप घ्यावा आणि तो वेगळ्या सर्व्हरवर पूर्ववत करून पाहावा. गिटमध्ये, म्हणजे कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, स्वतंत्र शाखा काढावी. चाचण्या नसतील, तर निदान लॉगिन आणि महत्त्वाच्या फॉर्मपुरत्या तरी त्या आधी लिहाव्यात.

त्यानंतर जँगो १.११ वरच राहून पायथन ३ वर यावे, कारण ही आवृत्ती दोन्हींवर चालते आणि एका वेळी एकच गोष्ट बदलली की चूक लवकर सापडते. मराठी मजकूर असलेल्या संकेतस्थळांनी येथे विशेष जपावे. ‘मराठी’ या शब्दाची लांबी यूटीएफ-८ (अक्षरे बाइटांत साठवण्याची पद्धत) मधील साध्या स्ट्रिंगसाठी पायथन २ मध्ये १५ भरते, कारण तेथे बाइट मोजले जातात. पायथन ३ मध्ये ती ५ भरते, कारण तेथे अक्षरे आणि मात्रा मोजल्या जातात. शीर्षके कापणारा किंवा फाइलींत मजकूर लिहिणारा कोड म्हणून ओळ न ओळ तपासावा.

आता पायथनचे सर्व इशारे दिसतील अशा रीतीने चाचण्या चालवाव्यात, कारण यांपैकी बरेच इशारे एरवी दडलेले असतात. २.० पासून प्रत्येक फॉरेन-कीमध्ये (एका नोंदीला दुसरीशी जोडणाऱ्या रकान्यात) ‘ऑन-डिलीट’, म्हणजे मूळ नोंद पुसल्यावर काय करायचे ते, सांगणे सक्तीचे झाले. पूर्वी काही न लिहिल्यास ‘कॅस्केड’ (जोडलेल्या नोंदीही पुसणे) गृहीत धरले जाई, त्यामुळे सगळीकडे तेच लिहिले की वर्तन पूर्वीसारखेच राहते. तरीही माझ्या मते ही विचार करण्याची उत्तम संधी आहे. ग्राहकाची नोंद पुसल्यावर त्याच्या सगळ्या ऑर्डरी नाहीशा होणे दुकानदाराला परवडणारे नसते. तेथे अशी नोंद पुसूच न देणारे ‘प्रोटेक्ट’ योग्य. हा बदल जुन्या मायग्रेशन फाइलींतही (डेटाबेसच्या रचनेतील बदल नोंदवणाऱ्या फाइलींत) करावा लागतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

पुढचे टप्पे तुलनेने सोपे आहेत. ३.२ वर प्राथमिक कीचा (प्रत्येक नोंदीच्या ओळख-क्रमांकाचा) प्रकार सेटिंग्जमध्ये स्पष्ट लिहावा. तूर्त जुनाच ‘ऑटोफील्ड’ ठेवावा. ४.० मध्ये भाषांतराची ‘यूगेटटेक्स्ट’सारखी जुनी नावे निघून गेली, आणि सीएसआरएफसाठी (दुसऱ्या संकेतस्थळावरून होणाऱ्या बनावट विनंत्या रोखण्यासाठी) विश्वासार्ह ठरवलेल्या पत्त्यांआधी ‘एचटीटीपीएस’सारखी योजना लिहिणे आवश्यक झाले. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या मागे चालणारे फॉर्म अपग्रेडनंतर अचानक ४०३ (प्रवेश नाकारल्याची त्रुटी) देऊ लागले, तर आधी ही सेटिंग पाहावी. ५.२ ला किमान पायथन ३.१० लागतो.

प्रत्येक मुक्कामावर मायग्रेशन फाइली तयार करणारी ‘मेकमायग्रेशन्स’ ही आज्ञा ड्राय-रन (फाइल न लिहिता फक्त दाखवण्याच्या) पर्यायासह चालवावी. मॉडेल (तक्त्याची कोडमधील व्याख्या) बदललेले नसतानाही नवे मायग्रेशन सुचवले गेले, तर त्याचे कारण सापडेपर्यंत पुढची आवृत्ती बसवू नये. बाहेरची पॅकेजेही प्रत्येक वेळी त्या आवृत्तीला जुळणारी घ्यावीत. एखादे पॅकेज सांभाळणारे कोणी उरले नसेल, तर त्याला पर्याय शोधण्याचे काम प्रत्यक्ष सर्व्हरला हात लावण्यापूर्वीच उरकून घ्यावे.