दोन कॉलेजांचं क्रेडिट एका खात्यात कसं जमवायचं
2021 पासून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स (एबीसी) आहे भो, म्हणजे पास केलेल्या विषयांची क्रेडिट (अभ्यासाची मोजणी) जमा ठेवणारं ऑनलाइन खातं, एका विद्यापीठात कमावलेलं क्रेडिट दुसरीकडे वापरता येतं, बहुतेक 7 वर्षांपर्यंत. आधी डिजिलॉकरवर (कागदपत्रं ठेवायचं सरकारी ॲप) आधारने एबीसी आयडी काढा, नाव आधार आणि मार्कशीटवर सारखंच पाहिजे, माझ्या आडनावातलं एक अक्षर चुकलं होतं तर धडगाव ते नंदुरबार तीन चकरा झाल्या, एसटीचं भाडं वेगळंच. नवीन कॉलेजात कुठले पेपर धरतील ते आधीच लेखी घ्या, क्लार्कच्या 'होऊन जाईल'वर जाऊ नका. एससी-एसटीवाल्यांनी महाडीबीटीवर (राज्य सरकारची वेबसाइट) पोस्ट मॅट्रिक, म्हणजे दहावीनंतरच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरा, उत्पन्न मर्यादा 2.5 लाख, आणि बँक खातं आधारला लिंक नसेल तर पैसे अडकतात.